निळं शिवार

रविराज शाळेत रुजू झाला त्या दिवशी स्टाफरूममध्ये रिकामी खुर्ची नव्हती. बुद्धघोष सरांनी आपली खुर्ची त्याच्याकडं सरकवली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

"मराठीचे ना तुम्ही? बसून घ्या. पुढं तीस वर्षं उभ्यानंच बोलायचंय."

१९९६ चा जून होता. शाळा इंदापूर तालुक्यातली, कालव्याच्या कडेची. रविराज बारामतीजवळच्या सांगवीचा. आज्यानं मेंढरं राखली, बापानं ऊस लावला आणि ह्याच्या वाट्याला व्याकरण आलं, असं सर त्याला चिडवत. सर जळोचीचे. दोघं सकाळी बारामतीच्या स्टँडवरून एकाच एस.टी.नं यायचे. अहो-जाहो आठवडाभर टिकलं. मग सर त्याला 'अरे रविराज' म्हणू लागले. तो मात्र त्यांना सरच म्हणत राहिला. तेवीस वर्षांच्या माणसाला अडतीस वर्षांचा मित्र असू शकतो, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

सरांचं आडनाव साबळे. पण शाळेत आधीच दोन साबळे होते, एक गणिताचे आणि एक कारकून. म्हणून ह्यांना सगळे नावानंच हाक मारत. पोरं तर 'घोषसर' म्हणत. धर्मांतरानंतर त्यांच्या घरात जन्मलेलं हे पहिलं पोर. वडलांना, अप्पांना, भावकीत कुणाचंच नसेल असं नाव हवं होतं. कुणा भंतेंनी ते सुचवलं. शाळेत घालताना गुरुजींना ते जमेना. त्यांनी दाखल्यावर 'बुधाजी' लिहिलं. अप्पा रोजगार बुडवून तीन वेळा शाळेत गेले, तेव्हा कुठं नाव दुरुस्त झालं.

हे सांगून सर म्हणायचे, "तेव्हापासून मला खाडाखोड आवडते."

बारावीनंतर त्यांनी ट्रॉल्यांच्या मागच्या फाळक्यांवर नावं रंगवली. मग पुण्याला जाऊन चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला. तिथं एका जुन्या चर्चच्या आत उभं राहून त्यांनी पहिल्यांदा रंगीत काचांची खिडकी पाहिली. ते वर्णन करायला त्यांच्याकडं एकच वाक्य होतं. रंगावर उजेड पडतो हे माहीत होतं, रंगातून उजेड येतो हे तिथं कळलं.

जुनी पोरं सांगत, की घोषसर आधी पोरांना कालव्यावर नेऊन जलरंगात चित्रं काढायला लावायचे. दोन वर्षांपूर्वी ते अचानक थांबलं. सरांनी ब्रश बाजूला ठेवले आणि कागदाच्या काचा करायला घेतल्या. काळा कार्डशीट, जिलेटीनचे रंगीत कागद, ब्लेड आणि डिंक. कार्डशीटवर चित्र काढायचं. रेघ बोटभर जाड ठेवायची. रेघांच्या मधला भाग ब्लेडनं कापून काढायचा. मग मागून तिथं जिलेटीन चिकटवायचं आणि खिडकीत धरायचं. अंधाऱ्या वर्गात एकदम लालपिवळं काही पेटायचं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

"रेघ म्हणजे बांध," सर सांगत. "बांध कोरलास की भांडण लागतं ना तुमच्यात? हितं बांध कोरलास तर चित्रच खाली येतंय."

पोरं हसत. सर बाकांमधून हिंडत, कागदावरून हात फिरवत, कुठं कड खरबरीत राहिली ते बोटांनी दाखवत.

"झाड हिरवं असतं हे तुम्हाला पाठ झालंय," ते म्हणत. "पाठांतर इतिहासाच्या तासाला करा. हितं बघा. सांजच्याला तेच झाड जांभळं दिसतं, निळं दिसतं. दिसतं ते लावा."

रविराजचा तास रिकामा असला की तो मागं जाऊन बसे. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. सरांच्या कपाटातल्या जिलेटीनच्या कागदांचे कोपरे तुटके असत. काहींचा एक, काहींचे दोन, काहींचे तीन.

"सर, उंदरं लागलीत काय कपाटाला?"

"दुकानदार मेला जुना माल देतो," सर म्हणाले, आणि कपाट लावून घेतलं.

जानेवारीत गॅदरिंग होतं. त्या वर्षी शाळेची नवी इमारत पुरी झाली होती. व्हरांड्याच्या पूर्वेच्या टोकाला माणसापेक्षा उंच खिडकी होती, आठ खणांची, साध्या काचेची. मुख्याध्यापक जोतीराम सरांनी विचारलं, पाहुण्यांच्या येण्याच्या वाटेवर तुमचं ते रंगीत काही लावता येईल का? सरांनी नववीच्या वर्गाला गावाचंच चित्र घ्यायला लावलं. वर पिवळं आभाळ. मधे देऊळ आणि मेंढरांचा कळप. देवळाभोवती हिरवं शिवार. खाली निळा कालवा.

गॅदरिंगला दीड-दोन आठवडे असतानाचा शनिवार. सर लवकर घरी गेले होते. रविराज नाटकाची तालीम संपवून चित्रकलेच्या वर्गात आला. टेबलावर जिलेटीनचे नवे गठ्ठे होते. त्यांचेही कोपरे तुटके. त्याला वाटलं, एवढं मोठं काम, पाहुणे येणार, आणि हे असले कुरतडलेले कागद. मित्रासाठी काहीतरी करावं. त्यानं ऑफिसातून कटर आणला, गठ्ठे एकावर एक जुळवले आणि सगळ्या कागदांच्या चारी कडा सरळ कापून काढल्या. तासभर लागला. कागद असे देखणे झाले, की तो जरा लांब उभा राहून बघत बसला.

सोमवार ते बुधवार पोरं जमिनीवर बसून चिकटवत होती. सर कागद हातात देत, पोरं लावत. जमिनीवर, काळ्याच्या पाठीमागून, हिरवं काय आणि निळं काय, सगळं एकाच अंधारातलं दिसतं. तरी स्वराली नावाची एक मुलगी, वर्गातली सगळ्यांत नीटस हाताची, मधेच थांबली होती.

"सर, शेताला ह्यो?"

"लाव गं. बघितलंय मी."

तिनं लावला.

गुरुवारी सकाळी सरांनी आणि शिपायानं मिळून आठही खण बसवले. प्रार्थनेला पोरं ओळीनं उभी राहिली आणि ऊन वर आलं. आभाळ पिवळं झालं. मेंढरं पांढरी झाली. देऊळ तांबडं झालं. कालवा हिरवा झाला. आणि देवळाभोवतीचं सगळं शिवार, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, गर्द निळं झालं.

रविराजनं ते पाहिलं. त्याला ते फार सुंदर वाटलं. त्याच्या मनात दुसरं काहीच आलं नाही.

मंडपाचं काम बघायला शाळा समितीचे अध्यक्ष बापूसाहेब आले होते. खिडकीसमोर थांबले.

"वा मास्तर. देऊळ झाक झालंय." मग मान तिरकी केली. "आन शिवार निळं?"

ते मागच्या लोकांकडं वळले.

"आख्खं शिवार तुमचंच झालं म्हनायचं की!"

बापूसाहेब हसले. भोवतीचे लोक हसले. सरही हसले. त्या वेळी त्यांचा चेहरा खिडकीकडं नव्हता. तो बापूसाहेबांच्या आवाजाकडं होता.

ती थट्टा दुपारपर्यंत गावात फिरली. फिरून परत शाळेत आली तेव्हा तिच्यातलं हसू गळून गेलं होतं. मास्तरनं देवळाला निळ्यानं वेढलं, एवढंच उरलं होतं. शुक्रवारी दोन पालक येऊन जोतीराम सरांच्या टेबलावर हात आपटून गेले. बापूसाहेबांचा निरोप आला, की मास्तरांकडून लेखी खुलासा घ्या, सोमवारी समिती बसेल.

त्याच दुपारी बौद्ध वस्तीतली तीन तरुण पोरं शाळेत आली. सरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "जय भीम सर. काळीज लागतं ह्याला."

"जय भीम," सर म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत. पोरांना ते गप्प राहणंही आवडलं.

त्यांच्यामागून अक्काबाई आली. सत्तरीची, वाकलेली. गावातलं एक शेत नव्हतं जिथं तिनं रोजानं खुरपलं नव्हतं. ती खिडकीसमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मग सरांच्या तोंडावरून हात ओवाळून तिनं बोटं मोडली.

"लेकरा, ह्यातलं एक वावर न्हाय, जितं माजी कंबार मोडली न्हाय. आज पैल्यांदा आपल्या रंगात बगितलं."

सर तिच्या पाया पडायला वाकले. हात तिच्या पायांच्या थोडा बाजूला, फरशीवर पडला. रविराजला वाटलं, सरांना भरून आलं असेल.

जोतीराम सर भित्रे होते, पण वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरांना वाट काढून दिली.

"बुद्धघोषराव, दोन ओळी लिहा. पोरांकडून चुकून झालं. संपला विषय. पोरं चुकतातच, पोरांना कोण फासावर देतंय? आणि हा रविराज आहे की, भाषा त्याची घ्या."

शनिवारी दुपारी रविराज खुलासा लिहून जळोचीला सरांच्या घरी गेला. सरांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, चहा ठेवला. सातवीतली दिशा ओट्यावर अभ्यास करत होती. रविराजनं कागद उघडून वाचला. बी.ए.ला शिकलेलं सगळं त्यानं त्या अर्ध्या पानात ओतलं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'सदर रंगांची अदलाबदल विद्यार्थ्यांकडून अनवधानाने झाली असून त्यामागे कोणताही हेतू नाही.'

"अनवधान म्हणजे काय रे?" सरांनी विचारलं.

"लक्ष नसणं."

"त्यांचं लक्ष होतं," सर म्हणाले. "स्वरालीनं विचारलं होतं मला. मी म्हणालो, बघितलंय मी. ही ओळ काढ."

"मग काय लिहू?"

आतून सारजाबाईंचा आवाज आला.

"सांगा की त्येंला. किती दिस गिळून बसायचं? ह्यो तर घरचा मानूस हाय."

मग सरांनी सांगितलं. हिशेबाच्या वहीतलं वाचावं तसं, कुठं आवाज न चढवता.

अप्पा गेले तेव्हा आंधळे होते. मोतीबिंदू झालाय, असं घरात सगळे समजत. मोतीबिंदू पिकू द्यायचा असतो, पिकल्यावर काढतात, हे आख्ख्या गावाला माहीत. तो पिकायची वाट बघता बघता अप्पांचे डोळे गेले. पस्तिशीत सरांनाही कडेचं दिसेनासं झालं. त्यांनीही ओळखलं, मोतीबिंदू. आणि शिकलेल्या माणसानं तीच वाट धरली. पिकू दे म्हणाले. शेवटी पुण्याला डॉक्टरांकडं गेले, तर डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, हा काचबिंदू. हा पिकत नाही. गेलेलं परत येत नाही. आधी आला असतात तर थांबवता आलं असतं.

"शब्द बघ कसे आहेत," सर म्हणाले. "मोती आणि काच. आम्हाला मोतीच पाहिजे होता."

रविराजनं खुलाशाचा कागद खाली ठेवला.

"आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. उजेडाला धरलेली काळी रेघ दिसते, म्हणून तर कागदाच्या काचा सुरू केल्या. लाल, पिवळा उजेडाला धरला तर कळतो. निळा न् हिरवा गेले."

"मग कागद? दोन वर्षं रंग कसे देत होता?"

"कोपऱ्यावरून. दिशा घरी कापून ठेवते. पिवळ्याचा एक, हिरव्याचे दोन, निळ्याचे तीन."

सारजाबाईंनी चहा समोर ठेवला. रविराजनं कपबशी उचलली आणि परत खाली ठेवली. आपण कटर कसा धरला होता, कडा कशा जुळवल्या होत्या, लांब उभं राहून कसं बघत बसलो होतो, हे सगळं त्याला दिसत होतं. तो खुलाशाचा कागद तिथंच विसरून निघाला.

सोमवारी एस.टी.तून उतरून दोघं कालव्याच्या कडेनं शाळेकडं चालू लागले. अर्ध्या वाटेवर रविराज थांबला.

"सर, कोपरे मी कापले."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कागदाला हात लावला तेव्हाच. इतकं सुबक काम शाळेत दुसरं कोण करतं? पोरं तर करत नाहीत."

"मग मला विचारायचं नाही का सर, की ह्यातला निळा कुठला?"

"विचारलं असतं तर तू विचारलं असतंस, का विचारता."

कालव्याचं पाणी शांत वाहत होतं. सर पुढं म्हणाले, "अंदाजानं दिले. एक प्रश्न टाळायला. चूक ती आहे. तू फक्त कागद कापलेस."

"मी सांगतो समितीला. गठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली म्हणतो. ते खोटंही नाही."

"आणि फेब्रुवारीत? मार्चमध्ये कोण कापणार कागद?" सर चालू लागले. "आणखी एक आहे. ती वस्तीतली पोरं माझं काळीज बघून गेली. अक्काबाईनं बोटं मोडली. मी कुठं काय केलंय रविराज? मला दिसलं नाही, एवढंच झालंय. न केलेलं धाडस अंगावर घालून हिंडायचं, हे काय बरं आहे?"

"नोकरी जाईल सर."

"व्हय."

समिती ऑफिसात बसली होती. पाच माणसं, जोतीराम सर आणि भिंतीला टेकून रविराज. बापूसाहेबांनी खुलाशाचा कागद मागितला.

"कागद नाही," सर म्हणाले. "तोंडी सांगतो. रंग पोरांनी चुकवले नाहीत. मी मुद्दामही लावले नाहीत. मला निळा आणि हिरवा ओळखता येत नाहीत. काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली."

मग बापूसाहेब म्हणाले, "मास्तर, थट्टा करू नगा."

"थट्टा नाही."

बापूसाहेबांनी टेबलावरच्या फायली चाळल्या. एक निळी ओढली, एक हिरवी. दोन हातांत दोन धरल्या. उजवी पुढं केली. "ही कुठली?"

सरांनी बराच वेळ त्या दिशेला बघितलं. रविराजला वाटत होतं, अंदाजानं का होईना, काहीतरी बोला. अर्धी शक्यता आहे.

"माहीत नाही," सर म्हणाले.

चौदा वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द त्या खोलीनं पहिल्यांदा ऐकले असावेत. बापूसाहेबांनी फायली हळूच खाली ठेवल्या. कडेला बसलेल्या एका सभासदाला राहवलं नाही.

"मंग दोन वर्सं पोरास्नी शिकवलं काय तुमी?"

"हातानं शिकवलं," सर म्हणाले. "पोरांची कामं भिंतीवर आहेत. तुम्ही बघा. तुम्हाला दिसतंय."

बापूसाहेब उठताना एवढंच म्हणाले, "खिडकी गॅदरिंगच्या आदी नीट करा. बाकीचं वरनं ठरंल." दारापाशी सरांचा खांदा त्यांना लागला, तेव्हा ते बाजूला झाले आणि सरांना आधी जाऊ दिलं.

वरनं जे ठरायचं ते ठरलं. समितीनं ठराव केला नाही, नुसता कागद पुढं पाठवला. मार्चमध्ये सरांना पुण्याला वैद्यकीय मंडळासमोर उभं केलं. मेमध्ये ते नोकरीतून मोकळे झाले. एकोणचाळिसावं लागलं होतं. निरोप समारंभाला त्यांनी नकार दिला. अशा माणसांसाठी नवा कायदा झालाय, नोकरी काढून घेता येत नाही, असं पुढं दीड वर्षानं कुणीतरी रविराजला सांगितलं. त्याच्या शाळेत ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यालाही नाही. जोतीराम सरांनी चित्रकलेचे तास गणिताला दिले.

वस्तीतल्या तीन पोरांना सरांनी सोमवारीच, शाळेतून परत जाताना, चावडीपाशी गाठून सगळं सांगितलं होतं. ती पोरं आधी गोंधळली, मग चिडली. त्यांतला एक म्हणाला, "सर, गप बसायचं हुतं. गावाला काय कळणार हुतं?"

"मला कळत होतं," सर म्हणाले.

रविराज शेजारी उभा होता. पुष्कळ पुस्तकं वाचून त्याला माणसं कळतात असं वाटायचं. त्या दिवसानंतर तो तसं म्हणेनासा झाला.

अक्काबाईला सांगायचं मात्र सरांना सोमवारी जमलं नाही. मंगळवारी ती आपणहून आली. नववीची पोरं वाट्यांत पाणी घेऊन व्हरांड्यात बसली होती. निळं काढून हिरवं लावायचं होतं. पाण्याचं बोट फिरवलं की डिंक सुटतो. स्वराली शिडीच्या पहिल्या पायरीवर उभी होती.

"पुसनार म्हनं?" अक्काबाईनं विचारलं.

"व्हय आक्का." सर तिच्यासमोर उभे राहिले. "आक्का, मी ते मुद्दाम केलं नव्हतं. मला रंग दिसत न्हाईत. हातात आला तो कागद दिला. तुमी बोटं मोडली, ती माझ्यावरनं न्हवती मोडायची."

अक्काबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिला किती कळलं, कुणाला सांगता येणार नाही. तिनं सरांच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघितला. मग हात खाली घेतला.

"कायबी दिसत न्हाय?"

"थोडं दिसतं. हे न्हाय दिसत."

"म्हंजी तू बगितलंच न्हाईस?"

"न्हाय."

म्हातारीचा चेहरा पडला. ती चिडली नव्हती. ताटावर बसलेल्या माणसाला वाढायचंच राहून गेलं, असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं. सरांनी खिडकीकडं तोंड केलं.

"तुमी सांगा आक्का. काय दिसतंय?"

अक्काबाई पुढं झाली. ऊन नुकतंच खिडकीत आलं होतं. तिनं बोट वर केलं.

"ह्यो देवळामागला तुकडा. बापूसायबाच्या आज्याचा. हितं भुईमूग असायचा. माजी थोरली ह्याच्या बांधावर झाली, दुपारच्याला. सांजच्याला मी परत खुरपं घिऊन वळीला हुते." बोट सरकलं. "ही कालव्याकडची पट्टी. हितं पानी प्याया वाकले तर वरनं हाड म्हनला हुता एकजन. नाव न्हाय घेत, मेला त्यो." बोट पुन्हा सरकलं. "आन ह्यो मोठा. हितं ऊस. पानं लई कापायची."

"निळं आहे सगळं?"

"सगळं. पार कडंपतूर. लुगड्यावानी."

"गडद का फिकं?"

अक्काबाई विचारात पडली. रंगाचं असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं पोरांकडं बघितलं. स्वराली शिडीवरून म्हणाली, "गडद हाय सर. वर फिकं. जितं कागद येकपदरी हाय तितं फिकं."

"आणि कालवा?"

"हिरवा. शेवाळ आल्यावानी."

सर हसले. पोरंही हसली, दबकत. सर थोडा वेळ तसेच उभे राहिले, तोंड खिडकीकडं करून, अंगावर कुठला रंग पडलाय ते न कळता. सदरा पांढरा होता. रविराजनं बघितलं. छातीपर्यंत निळा झाला होता.

मग सर पोरांत खाली बसले. हात पुढं केला.

"द्या कागद. ह्यातला हिरवा कुठला, कुणीतरी सांगा मला."

एकदम पाचसहा हात पुढं आले. अक्काबाई भिंतीला टेकून बसली आणि स्वरालीनं पाण्यात बोट बुडवलं.